दादाच्या टॅक्सीची रेघ

मी पेंटर. घरांच्या भिंतींचा नव्हे, मोटारींचा. कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या एका गॅरेजात १९७४ साली, वयाच्या १७ व्या वर्षी, पोऱ्या म्हणून लागलो. पहिली दोन वर्षे हातात फक्त पॉलिश पेपर आणि पाण्याचे डबडे. मग पुट्टी आली, मग प्रायमर, आणि शेवटी उस्तादांनी गन हातात दिली. ती मी २०१८ साली खाली ठेवली. मधल्या काळात किती गाड्या रंगवल्या त्याचा हिशेब नाही. पण एका गाडीची एक रेघ मी बिघडवली होती, तिचा हिशेब मात्र मनातून कधी पुसला गेला नाही. कारण ती गाडी माझ्या सख्ख्या थोरल्या भावाची होती.

त्या रेघेने मला म्हातारपणी पुन्हा कामाला लावले. तीच हकिगत आज सांगायची आहे. ज्यांच्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी लहान मोटारी रंगवण्याच्या नादाला लागली असेल, त्यांना त्यात दोन कामाच्या गोष्टीही सापडतील.

आमचा दादा टॅक्सीवाला. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. आयुष्याची पंचवीस-सव्वीस वर्षे त्याने दुसऱ्याची गाडी चालवली. रोज मालकाचे पैसे आधी बाजूला काढायचे, मग पेट्रोल, आणि उरेल ते घरी. १९९८ साली मात्र त्याने स्वतःची गाडी घेतली. थोडे कर्ज, थोडी शिल्लक आणि वहिनीच्या अंगावरचे होते नव्हते तेवढे. गाडी अर्थातच प्रीमियर पद्मिनी. त्या काळी मुंबईत टॅक्सी म्हटली की पद्मिनीच डोळ्यांपुढे यायची. मूळची ही इटलीची फियाट ११००. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना आमच्या कुर्ल्यातच होता. तिथे ती तयार होई आणि १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. तरी आम्ही सगळे तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत आलो.

गाडी दादाच्या हाती आली तेव्हा सगळीच काळी होती. छत पिवळे करायचे होते. दादा म्हणाला, "घरात पेंटर असताना बाहेर कशाला जाऊ? तूच मार."

मला केवढा अभिमान वाटला! पण वाचकहो, खरे तेच सांगतो. त्या आठवड्यात आमच्या शेठकडे एका बड्या गिऱ्हाइकाची गाडी आली होती. ती शनिवारी द्यायची होती. दादाच्या गाडीचे पासिंग सोमवारी होते. मी दिवसभर गिऱ्हाइकाची गाडी घासली आणि दादाच्या गाडीला संध्याकाळी हात लावला. छताच्या कडेने पावसाचे पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हाळ असते. तिच्या वर पिवळा आणि खाली काळा, अशी रेघ काढायची. टेप मारली, खाली वर्तमानपत्रे लावली. काळ्या रंगाला चकाकी असते. त्यावर नवा रंग धरायला हवा तर आधी पेपरने घासून ती चकाकी मारावी लागते. तीन कोपरे नीट घासले. डाव्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यापाशी अंधार झाला होता आणि हात दुखत होते. तिथे नुसता फडका फिरवला. पांढरा अस्तर मारला, त्यावर पिवळ्याचे जाड हात दिले आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गिऱ्हाइकाची गाडी. टेप तशीच राहिली. मे महिन्याच्या उन्हात दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी टेप ओढली. तीन बाजूंना रेघ बरी आली. डाव्या मागच्या कोपऱ्याला टेपेबरोबर पिवळा रंगही उचलून आला. चार बोटे रुंदीत करवतीसारखे दात पडले. पासिंगची वेळ झाली होती. मी ब्रशने थोडे सारखे केले, ते आणखीच वेडेवाकडे दिसू लागले. दादाने पाहिले आणि म्हणाला, "राहू दे. गाडी चालायला रेघ लागत नाही."

"पावसाळा संपला की पुन्हा मारून देतो," असे मी म्हणालो. तो पावसाळा संपला, त्यानंतरचे एकोणीस पावसाळे संपले. कधी मला वेळ नव्हता, कधी गाडी एक दिवससुद्धा उभी ठेवणे दादाला परवडत नव्हते. २० वर्षांची मुदत भरली आणि २०१८ साली गाडी भंगारात गेली. ती दातेरी रेघ तिच्याबरोबर गेली. त्याच साली मीही काम सोडले. अनोळखी माणसांच्या गाड्या आरशासारख्या केल्या आणि भावाच्या गाडीला फक्त उरलेला वेळ दिला, हे मला टोचत राहिले. दादा एका शब्दाने बोलला नाही, म्हणून जास्तच टोचत राहिले.

२०२२ साली दादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पुढे हात-पाय थोडे हलू लागले. तोंडातून एखादा-दुसरा शब्द येऊ लागला, तोही खूप वेळ शोधल्यावर. ज्या माणसाने मुंबईची गल्ली न् गल्ली तोंडपाठ सांगितली, त्याला पाणी मागायलाही कष्ट पडू लागले.

३० ऑक्टोबर २०२३ ला टीव्हीवर बातमी आली. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. तिची २० वर्षे भरली. त्या दिवसापासून मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. दादा पडद्याकडे पाहत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. वहिनीने टीव्ही बंद करायला हात पुढे केला, तर त्याने डाव्या हाताने तिला अडवले.

माझी पुतणी, दादाची मुलगी, रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते. दिवसभर बारीक काम, त्यामुळे हात स्थिर. दुसऱ्या रविवारी ती माझ्याकडे आली. पिशवीतून तिने प्लास्टिकची लाल फियाट काढली. खेळण्याच्या दुकानातली, वीतभराहून थोडी कमी.

"काका, ही आपण बाबांची टॅक्सी करायची. व्यायाम शिकवायला येतात त्या बाई म्हणाल्या की उजव्या हातात काहीतरी धरायला द्या, जे त्यांना धरावंसं वाटेल. चेंडू दिला तर ते फेकून देतात."

मी हसलो. म्हटले, "अगं, खऱ्या गाड्या रंगवल्यात मी. या खेळण्याला काय, अर्ध्या तासाचं काम."

ते अर्ध्या तासाचे काम आम्हाला दोन महिने पुरले.

आधी पुतणीने पट्टीने गाडी मोजली. खरी पद्मिनी साधारण ३.९ मीटर लांब. खेळणे १६ सेंटिमीटरच्या थोडे वर. म्हणजे २४ पट लहान. छोट्या गाड्या जमवणारे याला १:२४ चे प्रमाण म्हणतात, अर्ध्या इंचात एक फूट. ती म्हणाली, "म्हणजे काका, आपली रेघ एक मिलीमीटर चुकली तर खऱ्या गाडीवर ती २४ मिलीमीटर चुकली. जवळजवळ इंचभर." त्या एका वाक्याने माझी जिरली. खऱ्या गाडीवर एक मिलीमीटर कोण पाहतो? इथे तो लांबूनच दिसणार होता.

पहिली चूक मी माझ्या जुन्या सवयीने केली. घरात गॅरेजची पाऊण इंची टेप पडलेली होती. खेळण्यावर पांढरा मारला, वाळल्यावर पिवळा मारला. मग छतावर टेप चिकटवून खाली डब्यातला काळा स्प्रे मारला. टेप काढली तर काळा रंग टेपेखाली शिरलेला. रेघ कसली, ओल्या टीपकागदावर शाई पसरावी तसे झाले. गॅरेजची टेप जाड, चुणीदार कागदाची. खऱ्या गाडीच्या मोठ्या वळणावर ती बसते. एवढ्याशा वळणावर तिच्या चुण्या उभ्या राहतात आणि प्रत्येक चुणीखालून रंगाला वाट मिळते. शिवाय मी स्प्रे अगदी जवळ धरून ओला थर दिला होता.

दुसरी चूक त्याहून मोठी. रंग पुसायला मी थिनर घेतले. पत्र्यावर थिनर चालते. प्लास्टिकवर ते फडक्याने लावताच छत मऊ पडले आणि माझ्या बोटाचा ठसा त्यात कायमचा उमटला. ४४ वर्षांचा पेंटर, आणि पहिल्याच दिवशी गाडी वितळवली! पुतणी हसत सुटली. पुढच्या रविवारी तिने तशाच दोन गाड्या आणल्या.

या वेळी तिने टेपही वेगळी मागवली होती. टामिया नावाच्या जपानी कंपनीची, पिवळी, पातळ कागदाची, ६ मिलीमीटर रुंद. लहान मोटारींच्या कामासाठीच ती करतात. चिकट एवढीच की बसेल, आणि निघताना रंग उचलणार नाही. टेप हातात घेऊन पुतणीने विचारले, "काका, ही टेप कुणी शोधून काढली, माहीत आहे?"

मला कुठून माहीत? एवढी वर्षे रोज फाडून चिकटवत आलो, पण कधी विचार केला नव्हता. तिने वाचले होते ते सांगितले. अमेरिकेत १९२० च्या दशकात दोन रंगांच्या मोटारींची फॅशन आली. पेंटर लोक एक रंग झाकायला डिंक लावून कागद चिकटवत. कागद ओढला की त्याबरोबर रंग निघे आणि सगळे काम पुन्हा करावे लागे. थ्री-एम ही तेव्हा पॉलिश पेपर करणारी कंपनी. तिच्या प्रयोगशाळेत रिचर्ड ड्रू नावाचा तरुण मदतनीस होता. तो सेंट पॉल शहरातल्या एका गॅरेजात पॉलिश पेपरचे नमुने तपासायला गेला, तर तिथे पेंटर वैतागून शिव्या देत होते. त्याने ते मनावर घेतले. इंजिनियरिंगचे शिक्षण त्याने अर्धवट सोडले होते. पुष्कळ खटपटी करून १९२५ साली त्याने मास्किंग टेप तयार केली.

मी ऐकतच राहिलो. म्हणजे ही टेप मुळात मोटारीच्या दोन रंगांमधल्या रेघेसाठीच जन्माला आली! आणि ती कुणा साहेबाच्या टेबलावर सुचली नाही. गॅरेजातल्या आमच्यासारख्या माणसांची अडचण कुणीतरी कान देऊन ऐकली, त्यातून ती झाली.

दुसऱ्या गाडीवर आम्ही सगळे शहाणपण वापरले, एक सोडून. वाट पाहिली नाही. पिवळा मारून एक दिवस झाला होता. बोटाला लागत नव्हता. मी म्हणालो, "वाळलाय, मार टेप." काळा अगदी झकास बसला. मग टेप ओढली, आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. टेपेबरोबर पिवळ्याचे कपचे निघून आले होते. करवतीसारखे दात. तेच दात, पंचवीस वर्षांपूर्वीचे.

मी खाली बसलो. पुतणी घाबरली. म्हणाली, "काका, एवढं काय झालं? पुन्हा करू." तेव्हा मी तिला १९९८ ची सगळी गोष्ट सांगितली. गिऱ्हाइकाची गाडी, अंधार, न घासलेला कोपरा, उन्हात राहिलेली टेप. ती तेव्हा सहा वर्षांची होती, तिला काहीच आठवत नव्हते. घरात त्या गाडीचा एकच फोटो आहे, तोही समोरून, उजव्या अंगाने काढलेला. तो कोपरा त्यात नाही.

सगळे ऐकून ती एवढेच म्हणाली, "म्हणजे काका, तुम्ही तेव्हाही वाट पाहिली नव्हती आणि आत्ताही नाही."

लेकीसारखी पोर, पण बोलली ते खरे होते. या वेळी ना पासिंगची घाई होती, ना शेठचा तगादा. घाई माझ्या हातातच मुरली होती.

मग आम्ही तीच गाडी पुन्हा पहिल्यापासून घेतली. जे केले ते क्रमाने सांगतो, कारण रंगाचा डबा उघडण्याआधीचे काम कुणी सांगत नाही.

सगळा रंग पाण्याच्या बारीक पेपरने घासून काढला. गाडी भांड्यांच्या साबणाने धुतली. प्लास्टिक साच्यातून सुटावे म्हणून त्याला तेलकट पदार्थ लावलेला असतो, तो राहिला तर रंग धरत नाही. मी धुण्याचे पहिल्यांदा टाळले होते. वाळल्यावर पांढरा अस्तर मारला. पिवळा रंग गरीब असतो, खालचा काळा किंवा लाल त्याला झाकत नाही, त्याला पांढऱ्याचा आधार लागतो. म्हणून आधी पांढरा, मग पिवळा, आणि सगळ्यात शेवटी काळा. खऱ्या गाडीचा सगळा रंग मिळून थर साधारण केसाच्या जाडीचा असतो. तो २४ पट पातळ करणे कुणाच्या बापाला जमणार नाही, पण निदान जाड तरी होऊ नये. म्हणून वीतभर लांबून स्प्रे, हात सतत फिरता, एकावर एक चार विरळ थर. पहिल्या थराने रंग झाकला नाही तरी धीर धरायचा.

मग थांबलो. पुतणीने शिकवलेली युक्ती अशी की गाडी नाकाशी धरायची. रंगाचा वास येतोय तोवर तो आतून ओला आहे. वास पुरता गेला की मगच टेप. आम्ही आठवडाभर थांबलो. मी रोज सकाळी चहाआधी गाडी हुंगायचो. बायको म्हणाली, "फुलं सुद्धा कधी एवढी हुंगली नाहीत तुम्ही."

टेप सरळ गुंडाळीवरून लावली नाही. गुंडाळीच्या कडेला धूळ बसते, बारीक खाचा पडतात, आणि तशीच खाच रेघेत उतरते. ती काचेवर चिकटवली, स्टीलची पट्टी धरून नव्या ब्लेडने कड कापली आणि दीड-दोन मिलीमीटरच्या पट्ट्या काढल्या. अशी बारीक पट्टी वळणावर न चुणता फिरते. पन्हाळीच्या कडेने ती बसवली आणि टूथपिकच्या बोथट टोकाने कड दाबत गेलो. टेप नीट बसली की तिचा रंग किंचित गडद होतो, न दबलेली जागा फिकी दिसते. फिक्या जागा शोधून शोधून दाबल्या. वरचे छत रुंद टेपेने झाकले.

यानंतरची गोष्ट मला गॅरेजात कुणी शिकवली नव्हती. काळा मारण्याआधी टेपेच्या कडेवर पुन्हा पिवळ्याचाच एक हलका फवारा मारायचा. टेपेखाली कुठे वाट राहिली असेल तर तिथे पिवळाच शिरतो, पिवळ्यावर पिवळा, दिसतच नाही. वाट बुजते आणि मागून येणाऱ्या काळ्याला आत जायला जागा राहत नाही. मी पुतणीला म्हटले, "उस्ताद असते तर त्यांनी तुझ्या पाठीवर थाप मारली असती."

मग काळा. फवारा टेपेकडून खाली, कधीही खालून टेपेच्या कडेत नाही. तीन विरळ थर. काळा हाताला लागेनासा झाला, पण कडक व्हायच्या आत टेप काढायला घेतली. ती सरळ वर ओढायची नाही. टोक धरून तिच्याच पाठीवर दुमडत, रेघेपासून दूर, सावकाश. मी पुतणीला म्हटले, "तू काढ. माझा हात कापतोय." ती म्हणाली, "नाही काका, तुम्हीच काढा."

मी काढली. चारही बाजूंना रेघ सुरीने कापल्यासारखी आली. डावा मागचा कोपरा तर सगळ्यांत देखणा. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला.

उरलेले काम आनंदाचे होते. काचांच्या भोवती रबर असते, ते चकाकी नसलेल्या काळ्याने बारीक ब्रशने केले. बाजूच्या चंदेरी पट्टीला आणि बंपरला चॉकलेटच्या वेष्टनातली पातळ चांदी लावली. ती टूथपिकने दाबून बसवायची आणि नव्या ब्लेडने जादा भाग कापायचा. पुढच्या काचेच्या डाव्या बाजूला, बाहेर, तेव्हा लोखंडी मीटर असे. २०१२ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि तो गेला. आमची गाडी १९९८ ची, म्हणून पुतणीने खोडरबराचा तुकडा कापून तो मीटर केला आणि बसवला. नंबर प्लेटवर दादाच्या गाडीचा नंबर तिने सुईच्या टोकाने लिहिला.

जानेवारीच्या एका रविवारी सगळे दादाच्या घरी जमलो. पुतणीने गाडी त्याच्या मांडीवर ठेवली. दादाने आधी डाव्या हाताने धरली, मग उजवा हात हळूहळू वर आणला आणि दोन्ही हातांनी धरली. वहिनीने पदर डोळ्यांना लावला. दादाने मीटरला बोट लावले आणि हसला. नंबर पाहिला. मग गाडी फिरवली आणि डाव्या मागच्या कोपऱ्यावर बोट आणून थांबला.

खूप वेळ शोधून एक शब्द बोलला. "रेघ?"

माझा गळा दाटून आला. म्हणालो, "दादा, या वेळी नीट मारली. तेव्हा राहिली होती ना, ती या वेळी नीट मारली."

त्याने मान हलवली. नाही. पुन्हा शब्द शोधला. "माझी... नाही."

मला कळेना. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते म्हणतात ही त्यांची गाडी नाही." मग त्या हसल्या. "तुम्हाला माहीत नाही का? रात्री स्टँडवर पन्नास गाड्या उभ्या असायच्या, सगळ्या सारख्या काळ्या-पिवळ्या. चहा पिऊन आले की हे लांबूनच आपली गाडी ओळखायचे त्या फाटक्या रेघेवरून. म्हणायचे, माझ्या भावाची सही आहे तिच्यावर. एकदा एका पेंटरनं फुकट नीट करून देतो म्हटलं, तर ह्यांनी हात लावू दिला नाही."

वाचकहो, माझ्या तोंडून शब्द फुटेना. पंचवीस वर्षे मी ज्याला माझी चूक समजत होतो, तिला तो सही म्हणत होता. त्याने कधी सांगितले नाही, आणि मी कधी विचारले नाही. विचारायची मला लाज वाटत होती. आता तो सांगू लागला तर त्याला शब्द सापडत नव्हते.

गाडी घरी आणली. चार बोटांची ती फाटकी जागा या गाडीवर तीन मिलीमीटरची होते. सगळ्यात बारीक ब्रशने, काळ्या रंगाने, पन्हाळीच्या वर मी चार वेडेवाकडे दात काढले. एक मोठा, दोन लहान, एक तिरका. पंचवीस वर्षांत विसरलो नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदाच मी मुद्दाम रेघ बिघडवली, आणि तिला इतका वेळ दिला की स्वच्छ रेघेलाही दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दादाने गाडी घेतली, फिरवली, कोपऱ्यावरून बोट फिरवले आणि म्हणाला, "हां." बस्स, एवढेच.

आता ती गाडी त्याच्या खाटेजवळच्या खिडकीत असते. रोज सकाळी तो ती उजव्या हाताने उचलून मांडीवर घेतो आणि संध्याकाळी परत जागेवर ठेवतो. व्यायामाच्या बाई खूश आहेत. डाव्या मागच्या कोपऱ्यावरचा काळा रंग बोट फिरून फिरून थोडा झिजला आहे. पुतणी म्हणाली, "काका, तेवढा भाग पुन्हा मारून द्या."

मी म्हटले, "आधी दादाला विचारतो."